पावसाळ्यात काळ्या रानातून नायट्रोजनचं भांडं न्यायचंय, मागच्या शॉकअपचं काय करू?

मंद्रूपचा_पशुसेवक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही.

मी दक्षिण सोलापूर तालुक्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. मंद्रूपपासून खाली भीमेच्या काठापर्यंत आणि तिकडे हत्तरसंग कुडलला सीना-भीमा मिळतात तिथपर्यंत माझ्या वस्त्या. डांबरी सोडली की पाणंद, पाणंद संपली की कुणाच्या तरी उसाच्या कडेनं बांध. उन्हाळ्यात सगळं रान भेगाळतं आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून विटेसारख्या टणक होतात. सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला की त्याच वाटेवर पोटरीएवढा रेंदा. आमच्याकडचा खरा पाऊस तेव्हाच.

मोटरसायकल एक्सपल्स २०० फोर व्ही. पुढे २१ इंची चाक, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा, पुढे १९० आणि मागे १७० मिलिमीटर चाक हलतं. बांध चढायला हिच्यासारखी नाही, गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो मी तिच्यावर लादलेल्या ओझ्याचा. माझं वजन ८२. मागे कॅरियरवर लोखंडी पिंजऱ्यात ३ लिटरचं भांडं, एका बाजूला गन, शीथ, हातमोजे, थर्मासची पेटी, दुसऱ्या बाजूला क्षारमिश्रणाच्या पिशव्या. सगळं मिळून २३ किलो भरतं.

भांड्याविषयी थोडं सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरतो ते कळेल. आतलं पात्र बाहेरच्या पात्राला फक्त मानेपाशी जोडलेलं असतं, बाकी चहूबाजूंनी निर्वात पोकळी. आत द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश, आणि त्यात गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. म्हणजे भरलेलं पात्र मानेवर लोंबकळत असतं. गाडी आदळली की सगळा ताण त्या मानेवर. तिथे बारीकशी चीर गेली तरी पोकळीत हवा शिरते आणि भांडं संपलं. मागच्या वर्षी माझं एक भांडं असंच गेलं. सकाळी ओसरीवर पुसायला घेतलं तर खांद्याभोवती पांढरं दंव जमलेलं, बोट लावलं की चिकटायचं. चांगलं भांडं बाहेरून कोरडं असतं, अंगाला गार लागत नाही. एरवी आठवडाभर सहज पुरणारा नायट्रोजन त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उडून गेला आणि आतल्या कांड्या वाया गेल्या.

पैशाचं नुकसान मी सोसलं, पण त्याआधीचे दोन-तीन दिवस मला अजून खातात. भांडं आतून कधी ढासळायला लागलं हे मला कळलंच नव्हतं, आणि त्या दिवसांत मी पाच जनावरं भरवली होती. त्यातली चार उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. दारात एकच पंढरपुरी म्हैस असलेल्या घराला २१ दिवस पुन्हा थांबा म्हणून सांगणं सोपं नसतं. म्हशीचा माज बहुतेक वेळा मुका. ती ओरडत नाही, बळस म्हणजे चिकट स्राव टाकेल तेवढीच खूण. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. ती वेळ पाऊस बघत नाही, म्हणून मला चिखलातूनही जावंच लागतं.

त्या नुकसानीनंतर एका दुकानात गेलो. त्यांनी मागे जास्त कडक स्प्रिंग घातली आणि स्प्रिंग दाबून धरणारी रिंग शेवटच्या खाचेपर्यंत फिरवून दिली. आता खड्ड्यात बुड टेकत नाही हे खरं. पण चाकोरी ओलांडताना आधी बारीक दणका बसतो आणि लगेच खालून उसळी येते. सीट मला वर फेकते, आणि भांडं पिंजऱ्याच्या वरच्या कड्याला लागल्याचा आवाज येतो. तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

पूर्ण नवा शॉकअप घ्यावा का? घेतला तर कसला? पुढच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) जाड तेल घाला असंही एकानं सांगितलंय. या रानात गाडी चालवणाऱ्यांनी कृपया सांगा.


मिस्त्री_अक्कलकोट_रोड

राम राम मालक. खरेदीचं नंतर बघू, आधी मोजमाप करा. एक जण मदतीला घ्या आणि टेप घ्या.

गाडी मधल्या स्टँडवर किंवा पेटीवर अशी उभी करा की मागचं चाक पूर्ण लोंबलं पाहिजे. चाकाच्या आसापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर सरळ धरून, रिकामीच, तेच अंतर मोजा. तिसऱ्यांदा तुम्ही बसा, भांडं-पेट्या सगळं लादून, पाय फूटरेस्टवर, आणि दुसऱ्यानं मोजायचं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की गाडी स्वतःच्या वजनानं किती बसते ते कळतं. पहिल्यातून तिसरं वजा केलं की तुमच्यासकट किती बसते ते. १७० मिलिमीटर चाल असेल तर तुमच्यासकट ५० ते ५६ बसली पाहिजे, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. रिकामी १७ ते २५.

बसणं कशाला पाहिजे, तर चाकाला खालीही जाता आलं पाहिजे. खड्डा आला की चाक खाली उतरून जमीन धरतं. गाडी वरच तटलेली असेल तर चाक खाली जात नाही, अख्खी गाडी खड्ड्यात पडते. तुमचा बारीक दणका तोच असणार.

रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते असं निम्म्या सोलापूरला वाटतं. तसं नाही. रिंगनं गाडीची उंची बदलते, स्प्रिंग होती तेवढीच राहते. स्प्रिंग तुमच्या वजनाला बरोबर आहे का, हे वरच्या दोन आकड्यांवरून कळतं. तुमच्यासकटचं बसणं ५३ वर आणून ठेवलं आणि तरी रिकामी गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग मऊ आहे, रिंगनं नुसती दाबून धरलीय. रिकामी गाडीच ३५-४० बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. पोरांना हे उलटं वाटतं, पण दहा गाड्यांवर करून बघितलं की पटतं.

आता तुमची उसळी. दाबलेली स्प्रिंग परत सुटताना तिला धरून ठेवायचं काम आतल्या तेलाचं. तेल बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांतून जातं, त्यात वेग जिरतो. तुमच्या दुकानदारानं स्प्रिंग कडक घातली, पण आतल्या चकत्या जुन्या मऊ स्प्रिंगच्या हिशोबाच्या राहिल्या. कडक स्प्रिंग जास्त जोरात परत येणार, तेवढं धरायची ताकद त्या तेलात नाही. म्हणून तुम्हाला सीट फेकते.

पुढच्या चिमट्यात जाड तेल घालू नका. तेल जाड केलं की दबणंही सावकाश आणि परतणंही सावकाश, दोन्ही एकदमच. लागोपाठ चाकोऱ्या आल्या की चिमटा पहिल्यातून परत यायच्या आत दुसरी येते, मग तिसरी, आणि तो खालीच दबून बसतो. हाताला मुंग्या येतात. पुढे बुड टेकत असेल तर तेलाची पातळी थोडी वाढवतात, म्हणजे वरची हवा कमी राहते आणि शेवटच्या चालीत ती उशीसारखी दबते. पण ते स्प्रिंग काढून, चिमटा पूर्ण दाबून, वरून टेपनं मोजून करायचं काम आहे. अंदाजानं ओतलं तर सील फाटतं.

आणि मालक, काळी माती चिमट्याच्या नळीवर वाळू देऊ नका. वाळलेली काळी कानसीसारखी सील खाते. घरी आल्यावर आधी ओल्या फडक्यानं नळ्या पुसा, बाकी गाडी उद्या धुतली तरी चालेल. गळती सुरू झालीच तर सील बदलायच्या आधी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची पट्टी कापून सीलच्या ओठाखालून फिरवून बघा. पुष्कळदा आत फक्त मातीचा कण अडकलेला असतो.

मोजून आकडे इथं टाका.


मंद्रूपचा_पशुसेवक

मिस्त्री, आज पुतण्याला धरून मोजलं. रिकामी ३ मिलिमीटर, माझ्यासकट ३४. तुम्ही म्हणता तशी गाडी वरच तटली आहे. मग रिंग मागे घेत घेत गेलो. माझ्यासकट ५३ वर आली तेव्हा रिकामी २२ बसत होती. म्हणजे स्प्रिंग बरोबर आहे आणि रिंगच चुकली होती, असंच ना?

पाणंदीत चक्कर मारली. दणका खूप कमी झाला. उसळी मात्र आहे तशीच.


मिस्त्री_अक्कलकोट_रोड

बरोबर. स्प्रिंग ठेवा. आता रिबाउंडचा, म्हणजे परतीची उसळी कमी-जास्त करायचा, स्क्रू असलेला शॉकअप बघा, तुमची स्प्रिंग त्यावर बसते का हे विचारून. पुन्हा उघडून सर्व्हिस होणारा असला पाहिजे. पूर्ण पॅकबंद घेतला तर तेल बाद झाल्यावर तो भंगारातच जातो.

गॅसचा घ्या. नुसतं तेल आणि हवा असलेला शॉकअप लागोपाठ आदळून तापला की आत फेस होतो. फेसातून दट्ट्या सहज सरकतो, धरण नाहीशी होते. गॅसवाल्यात तेल नायट्रोजनच्या दाबाखाली असतं, म्हणून फेस धरत नाही. तुमचं काम नायट्रोजनचं म्हणून आधीच सांगून ठेवतो, भांड्यातला नायट्रोजन याला अजिबात लावायचा नाही. हा कोरडा वायू असतो, सिलिंडरमधून मोठ्या दाबानं, मापाच्या यंत्रानं भरतात. तसा भरलेला शॉकअप घरी उघडायचाही नाही, जिवावर बेततं.


मंगळवेढ्याचा_ज्वारीवाला

शॉकअपचं मिस्त्रींनी सांगितलंय. मी भांड्याच्या जागेबद्दल बोलतो. तुमचं भांडं कॅरियरवर म्हणजे मागच्या आसाच्याही पाठीमागे बसतं. बैलगाडीत धाव-आसाच्या वर बसलेला माणूस आणि साट्याच्या टोकावर बसलेला माणूस, दोघांत कोण जास्त हादरतो ते बघा. टोकावरच्या माणसाला जास्त झोका बसतो. भांडं पुढे आणा, मागच्या सीटवर तुमच्या पाठीला लागून. क्षारमिश्रण खाली दोन्ही बाजूंना, जमेल तेवढं पुढे. डबलसीट माणूस नेत नसाल तर सीट रिकामी ठेवून काय करायचं? फक्त झाकण वायू सोडतं, ते दाबून बांधू नका आणि भांडं आडवं होऊ देऊ नका.

पिंजऱ्यात भांड्याच्या तळाला घडी घातलेलं गोणपाट, आणि चारी बाजूंनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे ताणून. लोखंडाला लोखंड लागायला नको.

दुसरं, वाफसा, म्हणजे ओली माती सुकून रानात जाण्याजोगी होणं. आमचं रान तुमच्यापेक्षा काळं. पाऊस थांबून किती तास झाले त्यावर मी वाट ठरवतो. धो-धो चालू असताना माती पातळ असते, चाकाला लागते आणि गळून पडते. सगळ्यात वाईट वेळ पाऊस उघडल्यानंतरची, कोवळं ऊन पडलं की. तेव्हा ती कणकेसारखी होते आणि टायरवर थरावर थर चढत जातात. वाफसा आला की मग काळजी नाही. त्या मधल्या वेळेत बांधावरच्या गवतातून जा, चाकोरीत उतरू नका. आणि पुढचं मडगार्ड चाकापासून वर असेल तेच ठेवा.

टायरची हवा मी चिखलात १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, पण माझ्या गाडीला टायर रिमवर घट्ट धरणारा रिमलॉक आहे. तो नसेल तर एवढी कमी करू नका, टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो.


बर्फातला_सोलापूरकर

मी भवानी पेठेतला, सध्या कॅनडात अल्बर्टाला. इथे हिवाळ्यात रॉकी पर्वतात स्नोमोबाइल चालवतो. तुमचा धागा वाचताना सारखं वाटत होतं की हा आमचाच प्रश्न आहे, म्हणून लिहितोय.

स्नोमोबाइलला पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा. डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फासाठी पट्टा लांब घेतात, १५५ ते १६५ इंच, आणि त्याचे दात अडीच-तीन इंचांचे. शॉकअप चार, दोन स्कींना आणि दोन पट्ट्याच्या आत. तयार वाटेवर फिरणारे स्कीचे शॉकअप कडक ठेवतात, वळणावर गाडी झुकू नये म्हणून. वाट सोडून जाणारे ते मऊ करतात, कारण उतारावर गाडी अंगानं कलती करून न्यावी लागते. पट्ट्याच्या पुढच्या भागात एक कापडी पट्टी असते. ती आखूड केली की स्कींवर भार येतो, लांब केली की स्की हलक्या होतात.

सुरुवातीला मी मागचा शॉकअप फार मऊ केला होता. वाटलं, पुढचा भाग हलका राहील आणि गाडी बर्फावर तरंगेल. झालं उलटं. थ्रॉटल दिला की बुड खाली बसायचं, स्की आभाळाकडे, आणि पट्टा एका जागी खंदक खणत राहायचा. कमरेएवढ्या बर्फातून अडीचशे किलोची गाडी फावड्यानं काढावी लागली की माणूस शिकतो. दादा, तुमच्या रेंद्यातही बुड जास्त बसलं तर मागचं चाक तेच करणार. ५३ च्या आसपास राहा, मऊपणाच्या मोहात ६५-७० वर जाऊ नका.

आणखी एक, हवामानाचं. इथे बरेच जण स्प्रिंगऐवजी हवेचे शॉकअप वापरतात, वजन वाचतं. पण गॅरेजमध्ये २० अंशांत हवा भरून बाहेर उणे २० मध्ये आलं की दाब साधारण १४ टक्के उतरतो. सोलापुरात असं हवेचं घेऊ नका, चिखलात सील जपणं कठीण. मात्र तेलावर तुमच्या उन्हाचा परिणाम होणारच. तापल्यावर तेल पातळ होतं आणि रिबाउंड सैल पडतो. म्हणून स्क्रू सकाळच्या गारव्यात लावू नका. तासभर रान हिंडून, शॉकअप हाताला गरम लागला की मग लावा.


मंद्रूपचा_पशुसेवक

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सविस्तर सांगतो, माझ्यासारखं काम करणारे बरेच जण आहेत.

रिबाउंडचा स्क्रू असलेला, गॅस भरलेला, उघडून दुरुस्त होणारा शॉकअप घेतला आणि त्यावर माझी कडक स्प्रिंग बसली. बसणं पुन्हा मोजून घेतलं, ५४ आणि २१. भांडं सीटवर पुढे आणलं. त्यासाठी पिंजरा कापून नवीन पाय जोडावे लागले, एका वेल्डरनं अर्ध्या दिवसात करून दिलं. तळाला गोणपाट, बाजूंना ट्यूबचे पट्टे.

स्क्रू कुठे ठेवायचा हे भांडं लावून बघायची माझी हिंमत होत नव्हती. मग भांड्याऐवजी पिंजऱ्यात घरचा पितळी तांब्या बसवला. गळ्याखाली चार बोटं रेघ मारून तिथपर्यंत पाणी भरलं. आमच्या वस्तीपासून ओढ्यापर्यंतची पाणंद, साधारण एक किलोमीटर, दुसऱ्या गिअरमध्ये, दर वेळी सारख्याच वेगानं. तिकडे जाऊन थांबायचं आणि पाणी रेघेपासून किती खाली गेलं ते बोटानं मोजायचं. दुपारी दोन वाजता केलं, शॉकअप तापलेला असताना.

स्क्रू पूर्ण सैल ठेवला तेव्हा निम्मा तांब्या सांडला. पूर्ण आवळला तेव्हाही तीन बोटं गेलं, याचं मला आश्चर्य वाटलं. पण गाडीवर बसून कळत होतं. उसळी अजिबात नव्हती, मात्र शेवटच्या दहा-बारा चाकोऱ्यांत गाडी दबूनच राहिली आणि दणके सरळ अंगात आले. मिस्त्रींनी चिमट्याबद्दल जे सांगितलं होतं तेच मागे झालं. मग पूर्ण आवळून एकेक टिचकी मोकळा करत गेलो. सातव्या टिचकीला पाणी रेघेच्या जेमतेम अर्धं बोट खाली. आठव्याला पुन्हा वाढायला लागलं. सातवर ठेवलाय. सीट हातानं दाबून सोडली की आता गाडी एकदाच वर येते आणि थांबते, पुन्हा डुलत नाही.

परवा रात्री परतीचा पाऊस झाला. पहाटे फोन, नदीकाठच्या वस्तीवर म्हैस काल संध्याकाळपासून बळस टाकतेय. निघालो तेव्हा पाऊस नुकताच उघडलेला, म्हणजे मंगळवेढेकर म्हणतात ती कणकेची वेळ. चाकोरी सोडून बांधाच्या गवतातून गेलो. एका ठिकाणी ओढ्याचा काठ खचलेला, तिथे मागचं चाक खोलात गेलं आणि मी जबडा आवळून घेतला. गाडी बसली, वर आली, थांबली. पिंजऱ्यातून काही आवाज नाही.

वस्तीवर पोचल्यावर थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी, कांडी ३० सेकंद, आणि काम झालं. घरी येऊन आधी चिमट्याच्या नळ्या पुसल्या. मग भांडं ओसरीवर उतरवून खांद्याभोवती हात फिरवला. कोरडं होतं.

२१ दिवसांत उलटली नाही तर पुढे तीन महिन्यांनी तपासायला जाईन तेव्हा इथे कळवतो. मिस्त्री, पुढच्या चिमट्याची तेलाची पातळी दिवाळीनंतर तुमच्याकडेच मोजून घेईन. टेप मी आणतो.